कॅमेरा बदलताना : गरज, हिशेब आणि विवेक

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याशी गाव आणि गावात तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकाने. घागर, हंडा, कळशी, परात, बंब यांसाठी सोनगीरचे नाव खानदेशात पिढ्यान् पिढ्या घेतले जाते. पूर्वी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर बसून भांडे हातात घेई, टिचकी मारून नाद ऐके, बूड उलटून पाही आणि मग भाव विचारी. आता दूरगावचे गिऱ्हाईक आधी छायाचित्र मागते. भांड्याची घडण, तांब्याचा रंग आणि हातोडीच्या ठोक्यांची नक्षी त्याला फोनच्या पडद्यावर दिसली, तरच पुढचे बोलणे होते. धनत्रयोदशीच्या आधीचे दोन महिने तर या कामाला उसंत नसते.

अशा व्यापारी घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी डिजिटल एसएलआर, म्हणजे बोलीभाषेतला डीएसएलआर कॅमेरा आला. कोणी मुलाच्या हौसेखातर घेतला, कोणी घरच्या लग्नासाठी, कोणी दुकानातील मालाच्या छायाचित्रांसाठी. आता ते कॅमेरे थकले आहेत. कोणाचे शटर अडकते, कोणाची बॅटरी तासाभरात संपते, कोणाच्या लेन्सवर बुरशी आली आहे. त्यामुळे 'आता नवा कोणता घ्यावा?' हा प्रश्न घरोघरी निघतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर घरातला सर्वांत तरुण सदस्य किंवा दुकानातला विक्रेता देऊन टाकतो. पन्नास-साठ हजारांचा माल खरेदी करताना चार ठिकाणी भाव काढणारा व्यापारी याच रकमेच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र एका संध्याकाळीत निर्णय घेतो. ही खरेदी व्यापाऱ्याला साजेशा पद्धतीने कशी करावी, याचा विचार येथे मांडला आहे.

आधी जुन्याचा जमाखर्च

पहिली खरेदी आणि बदलीची खरेदी यांत मोठा फरक आहे. पहिल्या खरेदीत पाटी कोरी असते. बदलीच्या खरेदीत जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्स, फ्लॅश, जादा बॅटऱ्या, कार्डे, ट्रायपॉड आणि हाताला जडलेली सवय ही सर्व शिल्लक असते. म्हणून दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी घरातील कपाट उघडून या सर्वांची यादी करावी.

त्यानंतर नेमके काय बिघडले आहे, हे शोधावे. कॅमेरा 'गेला' असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा एखादाच भाग गेलेला असतो. बॅटरी लवकर संपत असेल तर नवी अस्सल बॅटरी लावून पाहावी. छायाचित्रे साठवताना अडचण येत असेल तर दुसरे कार्ड घालून पाहावे. लेन्स आणि बॉडी यांच्या जोडावरील पितळी रंगाचे स्पर्शबिंदू मळले तरी कॅमेरा चुकीचा संदेश दाखवतो. कॅननच्या कॅमेऱ्यांतील 'एरर ०१' हा संदेश याच जोडाबद्दल असतो. स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने ते बिंदू पुसल्यावर कॅमेरा पूर्ववत चालू लागल्याची उदाहरणे कमी नाहीत. मित्राची लेन्स आपल्या बॉडीला आणि आपली लेन्स मित्राच्या बॉडीला लावून पाहिली की दोष कोणात आहे, हे पाच मिनिटांत कळते.

शटर हा मात्र झिजणारा भाग आहे. प्रत्येक छायाचित्राला आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि मिटतो. निकॉन डी ७२०० किंवा डी ७५०० यांसारख्या कॅमेऱ्यांचे शटर १,५०,००० वेळा चालवून तपासलेले असते. एका लग्नात दोन हजार छायाचित्रे काढली, असे धरले तरी ही पंचाहत्तर लग्नांची मजुरी झाली. घरगुती कॅमेरा त्या आकड्याच्या जवळही सहसा जात नाही. तेव्हा घरातला कॅमेरा 'म्हातारा' झाला असे वयावरून ठरवू नये, त्याने केलेल्या कामावरून ठरवावे.

दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा आणि तसाच वापरलेला कॅमेरा बाजारात कितीला मिळतो, हे विचारावे. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्तीचा विचार अवश्य करावा. निम्म्याहून अधिक असेल तर बदल हाच शहाणपणाचा मार्ग.

आरशाचा कॅमेरा आणि बिनआरशाचा कॅमेरा

बदल करायचा ठरला की आज एक नवी अडचण समोर येते. दहा वर्षांपूर्वी जो प्रकार सर्वमान्य होता, तो प्रकारच आता मावळतीला लागला आहे.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आतील तिरप्या आरशावर पडून वर वळतो आणि डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. आपल्याला ऐकू येणारा 'खटक्' हा आवाज आरसा आणि शटर यांचा असतो. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसा काढून टाकलेला असतो. सेन्सरला दिसणारे दृश्य थेट छोट्या पडद्यावर दाखवले जाते. त्यामुळे छायाचित्र उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच समजते.

कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्या एफ ३ या फिल्म कॅमेऱ्यावर आधारित पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर बाजारात आणला. त्याची क्षमता जेमतेम १.३ मेगापिक्सेल होती. निकॉनचा डी १ हा १९९९ चा, तर सर्वसामान्यांच्या आवाक्यातला कॅननचा ३०० डी हा २००३ चा. २००८ मध्ये निकॉनच्या डी ९० ने डीएसएलआरमध्ये चलचित्रणाची सोय आणली. पुढची दहा वर्षे या कॅमेऱ्यांची भरभराट होती. २०१८ मध्ये कॅननने आर आणि निकॉनने झेड या मिररलेस मालिका सुरू केल्या. २०२० मध्ये आलेले निकॉनचे डी ७८० व डी ६ आणि कॅननचे ८५० डी व १ डी एक्स मार्क ३ यांच्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. पेंटॅक्ससारखी एखादी कंपनी अजून त्या वाटेवर आहे, इतकेच.

याचा अर्थ जुना डीएसएलआर निरुपयोगी झाला, असा मुळीच नाही. काल सुंदर छायाचित्र देणारा कॅमेरा आजही तितकेच सुंदर छायाचित्र देईल. मात्र त्या प्रकारात नव्या लेन्स, नव्या बॉडी येणार नाहीत आणि सुटे भाग वर्षागणिक दुर्मीळ होत जातील. जो माल बंद झाला आहे, त्याचा साठा करताना व्यापारी जो विचार करतो, तोच विचार येथेही करायचा आहे. उठाव कमी झाल्यामुळे किंमत उतरली असेल तर घेणाऱ्याचा फायदा, पण दीर्घ मुदतीचे भांडवल त्यात गुंतवायचे नाही.

लेन्स हे भांडवल, बॉडी हा खर्च

कॅमेऱ्याच्या बॉडीची किंमत दरवर्षी झपाट्याने उतरते. चांगली लेन्स नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षे काम देते आणि विकताना बरी किंमतही आणते. हिशेबाच्या भाषेत लेन्स ही भांडवली मालमत्ता मानावी आणि बॉडी हा चालू खर्च. म्हणूनच बदलीचा कॅमेरा घेताना आपल्या लेन्स त्यावर चालतात का, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आहे. ज्यांच्याकडे कॅननच्या ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स आहेत, त्यांना कॅननची मिररलेस बॉडी घेऊन एका अडॅप्टरच्या साहाय्याने त्या सर्व लेन्स स्वयंचलित फोकससह वापरता येतात. निकॉनच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आला असला, तरी त्यातील जुन्या डी प्रकारच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. डी ७२००, डी ७५०० यांसारख्या बॉडीत ती मोटर असल्यामुळे या लेन्स तेथे नीट चालतात. डी ३५००, डी ५६०० अशा लहान बॉडींवर त्या लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो. झेड मालिकेच्या एफटीझेड अडॅप्टरवरही तीच स्थिती आहे. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सना मात्र ही अडचण नाही. पन्नास मिलिमीटरची एक जुनी लेन्स घरात आहे म्हणून निकॉनचीच नवी बॉडी घेतली आणि घरी आल्यावर ती लेन्स फोकस करीना, अशी फजिती टाळायची असेल तर लेन्सवरील अक्षरे दुकानात जाण्यापूर्वीच वाचून ठेवावीत.

ज्यांच्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स एवढीच शिल्लक आहे, ते मात्र मोकळे आहेत. एवढ्यासाठी जुन्याच कंपनीशी बांधून घेण्याचे कारण नाही.

मेगापिक्सेलचा आकडा हे विक्रेत्याचे आवडते हत्यार असते. त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. लग्नाच्या अल्बममधील १२ बाय १८ इंचांचे पान उत्तम दर्जाने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात छापायचे झाले तर ३६०० गुणिले ५४०० म्हणजे सुमारे १.९४ कोटी ठिपके लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा त्याला पुरून उरतो. फोनवरून गिऱ्हाइकाला पाठवायच्या छायाचित्राला तर याच्या दशांशही लागत नाहीत. त्यापुढील प्रत्येक मेगापिक्सेल कार्डावर, संगणकावर आणि खिशावर भार टाकतो.

काम कोणते, यावर निवड

सोनगीरच्या भांडी-व्यापाऱ्याचे पहिले काम म्हणजे मालाचे छायाचित्र. तांबे-पितळ ही छायाचित्रकाराची परीक्षा पाहणारी वस्तू आहे. घासून लख्ख केलेल्या हंड्यात समोरचे दार, ट्यूबलाइट आणि छायाचित्र काढणारा माणूस, सारेच दिसते. महागडा कॅमेरा घेऊन हा दोष जात नाही. पोलरायझर नावाचा फिल्टर काच आणि पाणी यांवरील चकाकी कमी करतो, पण धातूच्या चकाकीवर तो एकटा फारसा चालत नाही. उपाय प्रकाशात आहे. उत्तरेकडील खिडकीजवळ भांडे ठेवावे, खिडकीवर पांढरे पातळ कापड लावावे आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. भांड्याची कड उठून दिसावी म्हणून बाजूला काळ्या कागदाची पट्टी धरावी. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११ आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्स ५० मिलिमीटरच्या आसपास ठेवून थोडे दूर उभे राहावे. १८ मिलिमीटरवर जवळून काढलेल्या घागरीचे पोट फुगलेले आणि गळा बारीक दिसतो, मग गिऱ्हाईक म्हणते की चित्रातली घागर वेगळी होती.

रंगाचेही तसेच आहे. करड्या रंगाचे कार्ड समोर ठेवून व्हाइट बॅलन्स बसवला नाही तर तांबे लालभडक आणि पितळ सोन्यासारखे दिसू शकते. यात विक्रीचा तात्पुरता फायदा दिसला तरी तो खरा नव्हे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपक व्यवहार' हा एक आहे. एक वस्तू दाखवून दुसरी देणे, हलक्यात भारी खपवणे, असा त्याचा आशय. छायाचित्रात पातळ पत्र्याचे भांडे जाड भासवणे हे त्याच जातीचे आहे. जसे भांडे, तसेच चित्र, ही सचोटी दूरच्या गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानाशी आणते.

या कामासाठी स्थिर कॅमेरा आणि चांगला प्रकाश पुरतो. जुनाच डीएसएलआर दुरुस्त होत असेल तर उत्तम, नाही तर वापरलेला डीएसएलआर चालेल. आणि गिऱ्हाईक केवळ फोनवरच चित्र पाहणार असेल तर ट्रायपॉडवर बसवलेला घरातला चांगला फोनही हे काम निभावून नेतो. तेथे नव्या कॅमेऱ्याची खरेदी हा अनावश्यक खर्च ठरतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

दुसरे काम घरातील आणि समाजातील प्रसंगांचे. चातुर्मास प्रवेश, वरघोडा, पंचकल्याणक, दीक्षा समारंभ, तपस्येची पारणी, लग्नकार्ये. येथे मर्यादा पाळाव्या लागतात. पुष्कळ मंदिरांत गाभाऱ्यात छायाचित्रणाची परवानगी नसते. अनेक परंपरांत साधू-साध्वी विजेचा प्रकाश वर्ज्य मानतात, त्यामुळे त्यांच्यासमोर फ्लॅश चमकवणे हा अविनय होतो. छायाचित्र काढावे की नाही, हे आधी विचारावे आणि नकार मिळाला तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. परवानगी असेल तेथे फ्लॅशविना, उपलब्ध प्रकाशात काम करता आले पाहिजे. त्यासाठी एफ १.८ इतके छिद्र उघडणारी पन्नास किंवा पस्तीस मिलिमीटरची लेन्स ही महागड्या बॉडीपेक्षा अधिक उपयोगी आणि तुलनेने स्वस्त असते.

प्रवचनाच्या शांततेत डीएसएलआरचा 'खटक्' सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मिररलेस कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला तर आवाज अजिबात होत नाही. काही दिव्यांखाली अशा छायाचित्रात आडवे पट्टे उमटतात, म्हणून समारंभाआधी एकदा चाचणी घ्यावी. बॅटरीच्या बाबतीत मात्र डीएसएलआर सरस आहे. निकॉन डी ७५०० एका चार्जिंगमध्ये ९५० छायाचित्रे देतो, असे उत्पादकाचे मानक मोजमाप आहे. लहान मिररलेस कॅमेऱ्यांचा आकडा साधारण तीनशे-चारशेच्या घरात असतो. दिवसभराच्या कार्यक्रमासाठी मिररलेस घेताना दोन जादा बॅटऱ्यांची किंमत त्यात धरूनच हिशेब करावा.

तिसरे काम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या व्यापारी घरांच्या माळ्यावर रोजमेळ, खतावण्या, मोडीतल्या चोपड्या, हस्तलिखित पोथ्या पडून असतात. वाळवी आणि दमट हवा त्यांचा दरवर्षी थोडा थोडा घास घेते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असेच कागद जमवले. त्यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही त्या शहरात आहे. आपल्या घरच्या चोपड्यांची पानोपान छायाचित्रे काढून ठेवणे, हे कोणत्याही कॅमेऱ्याला शक्य आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर पानाला अगदी समांतर ठेवावा, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश द्यावा, फ्लॅश टाळावा. आरसा थकलेला, नव्या समारंभात न्यायला नको वाटणारा जुना कॅमेरा या कामाला बसवला तर त्याची अखेरची वर्षे सार्थकी लागतात.

वापरलेला कॅमेरा आणि बिल

धुळ्याचा आग्रा रोड, जळगावचे गोलाणी मार्केट किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार, कोठेही गेले तरी वापरलेले कॅमेरे पाहायला मिळू शकतात. त्यात खरेदी करणे कमीपणाचे नाही. फक्त काही चाचण्या कराव्यात. निकॉनच्या छायाचित्राच्या फाइलमध्ये शटर किती वेळा चालले, याची नोंद असते आणि संगणकावर ती वाचता येते. लेन्समधून टॉर्चचा प्रकाश पाडून आत जाळ्यासारखी बुरशी आहे का, हे पाहावे. छिद्र एफ १६ वर ठेवून निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतात. धूळ साफ होते. ओरखडा मात्र जात नाही.

सर्वांत महत्त्वाची चाचणी कागदाची आहे. मूळ बिल, त्यावरील क्रमांक आणि बॉडीवरील क्रमांक जुळले पाहिजेत. बिल नसलेला, निम्म्या भावातला कॅमेरा चोरीचा असू शकतो. परदेशातून कर चुकवून आणलेल्या कॅमेऱ्याला येथील कंपनीची हमीही सहसा मिळत नाही. वर उल्लेखलेल्या पाच अतिचारांत चोरीचा माल घेणे म्हणजे 'तदाहृतादान' आणि राज्याचे नियम ओलांडून व्यापार करणे म्हणजे 'विरुद्धराज्यातिक्रम' हेही आहेत. बिनबिलाचा एक कॅमेरा घेताना एकाच व्रताला दोन-दोन ठिकाणी धक्का बसू शकतो. शिवाय असा माल पुढे विकताना भावही पडतो. धर्म आणि व्यवहार येथे एकच सल्ला देतात.

कराचा आणि वर्षाचा हिशेब

१ जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ५०,००० रुपये मूळ किमतीच्या कॅमेऱ्यावर ९,००० रुपये कर होतो. कॅमेरा खरोखर धंद्यासाठी असेल, बिलावर पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक असेल आणि पेढी नेहमीच्या पद्धतीने कर भरत असेल तर या ९,००० रुपयांचे इनपुट क्रेडिट घेता येते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ते मिळत नाही. क्रेडिट घेतले तर त्या रकमेवर घसारा मागता येत नाही. आयकरात कॅमेऱ्याला यंत्रसामग्रीप्रमाणे घटत्या मूल्यावर १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे पहिल्या वर्षी ७,५०० आणि दुसऱ्या वर्षी ६,३७५ रुपये. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षीचा घसारा निम्मा. घरच्या लग्नासाठी घेतलेला कॅमेरा पेढीच्या खात्यात टाकण्याचा मोह मात्र टाळावा. मिश्र वापर असेल तर प्रमाणात विभागणी करून आपल्या कर-सल्लागाराला तसे सांगावे.

कागदावरील किमतीपेक्षा दरवर्षीचा खर्च पाहणे अधिक उपयोगाचे. उदाहरणादाखल आकडे घेऊ. ५०,००० चा नवा कॅमेरा पाच वर्षे वापरून १५,००० ला विकला तर वर्षाला ७,००० रुपये पडले. २५,००० चा वापरलेला कॅमेरा चार वर्षे वापरला, मध्ये एकदा ४,००० ची दुरुस्ती केली आणि ९,००० ला विकला तर वर्षाला ५,००० रुपये. जुन्यालाच ८,००० ची दुरुस्ती करून तो दोन वर्षे चालला तर वर्षाला ४,००० रुपये. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण ही तीन ओळींची आकडेमोड केल्यावाचून खरेदी करू नये.

परिग्रहाची मर्यादा

उपासकदशांग या आगमातील आनंद श्रावकाची कथा समाजाला परिचित आहे. भगवान महावीरांचा हा गृहस्थ अनुयायी. त्याच्या १२ कोटी सुवर्णमुद्रांपैकी ४ कोटी भांडारात, ४ कोटी व्यापारात आणि ४ कोटी घरसंसारात होत्या. व्रत घेताना त्याने आपल्या संपत्तीला आणि उपभोगाच्या वस्तूंना मर्यादा घालून घेतली. व्यापाऱ्यासाठी त्यात एक व्यवहारी धडा आहे : कोणती वस्तू कोणत्या खात्यातली, हे आधी ठरलेले असावे. कॅमेरा व्यापाराचा असेल तर त्याने उत्पन्नात भर घातली पाहिजे. घरखर्चातला असेल तर वर्षातून किती दिवस तो पिशवीतून बाहेर येतो, हे प्रामाणिकपणे मोजावे. वर्षाला चार समारंभ असतील तर तेवढ्या दिवसांपुरता भाड्याने आणलेला किंवा नातेवाइकाकडून मागून घेतलेला कॅमेराही चालतो. दोन-तीन घरांनी मिळून एक घेतला तरी बिघडत नाही.

अहिंसेच्या दृष्टीनेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या फिल्मवरील चांदीच्या क्षारांचा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असे आणि जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून बनते. डिजिटल सेन्सरने छायाचित्रणाला त्यातून मोकळे केले. प्रयोगशाळेत रासायनिक प्रक्रियेने छापल्या जाणाऱ्या फोटो-कागदावर मात्र तो थर आजही असतो. शेकडो प्रती छापण्यापूर्वी खरोखर किती लागतात, याचा विचार व्हावा. कॅमेऱ्याचा पट्टा व पिशवी कापडी घेता येते, चामड्याची गरज नाही.

जैन परंपरेत 'यतना' हा शब्द आहे, म्हणजे प्रत्येक कृती सांभाळून करणे. वस्तूची यतना केली तर बदलीची वेळ लांबते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत सामान्यतः ० ते ४० अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा दिलेली असते. खानदेशचा वैशाख ती ओलांडतो, म्हणून उन्हात उभ्या गाडीत कॅमेरा ठेवू नये. धुळीत लेन्स बदलू नये. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. महिनोन्महिने पडून राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवावी. आणि सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे काढलेली छायाचित्रे, किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवावीत. कॅमेरा पुन्हा विकत मिळतो, आजोबांच्या पंचाहत्तरीचे चित्र मिळत नाही.

जुना कॅमेरा पूर्ण निकामी झाला तर तो भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक कचरा अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित आहे आणि लिथियम बॅटरी तर मुळीच उकिरड्यावर जाऊ नये. चालू स्थितीत असेल तर छायाचित्रण शिकणाऱ्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याला द्यावा, कार्ड मात्र काढून घ्यावे.

तात्पर्य इतकेच. केवळ मालाच्या छायाचित्रांसाठी जुना दुरुस्त करावा किंवा तपासून, बिलासह वापरलेला डीएसएलआर घ्यावा. कॅननच्या किंवा निकॉनच्या मोटर असलेल्या चांगल्या लेन्स घरात असतील आणि समारंभांचे काम नियमित असेल तर त्याच कंपनीची मिररलेस बॉडी आणि अडॅप्टर घ्यावा. काहीच शिल्लक नसेल आणि नव्याने सुरुवात करायची असेल तर सरळ मिररलेसकडे वळावे, आणि हाती असलेल्या रकमेतून लेन्स, ट्रायपॉड व बॅटऱ्यांचा वाटा आधी काढून उरलेल्यात बॉडी बसवावी. यांपैकी कोणतेच काम वर्षाला दहा-बारा दिवसांहून अधिक नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. त्या रकमेला व्यापारात किंवा घरात दुसरी वाट नक्कीच सापडेल.